फरशीखालची काळी माती

धुळ्याला आम्ही घर घेतलं तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते आणि तोवर एकदाही स्वतःच्या मोरीत आंघोळ केली नव्हती. माहेरी असोद्याला न्हाणी होती ती बारा माणसांत एक. लग्नानंतर धुळ्यात भाड्याच्या खोल्या, मोरी चार बिऱ्हाडांत मिळून. त्यामुळे घर कसंही असो, मोरी आपली पाहिजे, एवढंच मी यांना सांगितलं होतं. हे एस.टी.त मेकॅनिक होते. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगायचे, पण माणसापुढे यांची जीभ उचलायची नाही.

देवपूरच्या पलीकडे तेव्हा शेतंच होती. त्यातलं एक शेत घेऊन एका बिल्डरने समोरासमोर सहा-सहा अशी बारा घरं बांधली. बिल्डर तरुण होता, पस्तिशीचा. सगळ्या बायकांना मावशी म्हणायचा. ऐंशी साल उलटून बरीच वर्षं झाली होती, गावात सगळीकडे अशा कॉलन्या उठत होत्या, आणि आपणही मालक व्हावं असं आमच्यासारख्यांना पहिल्यांदाच वाटायला लागलं होतं.

घरं उन्हाळ्यात तयार झाली. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त चुकवायचा नाही असं सगळ्यांच्या मनात, म्हणून अकरा घरांनी एकत्र वास्तुशांत केली. एकच मांडव, एकच आचारी. आपल्याकडे घर झालं की बांधणाऱ्या मिस्त्रीला टॉवेल-टोपी देतात. टोपी दिली की काम पावलं, मिस्त्री मोकळा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आम्ही मिस्त्रीला दिली आणि बिल्डरलाही दिली. मी स्वतः त्याला कुंकू लावलं. फोटोग्राफरने फोटो काढला. त्यात मी पुढेच आहे, दात दाखवत.

आता शहाणपण येऊन काय उपयोग, पण चूक तिथेच झाली. नळ आले नव्हते. त्या घरांत तोवर कोणी बादलीभर पाणीसुद्धा ओतलेलं नव्हतं. आम्ही कोरड्या घरांना टोप्या घातल्या.

नळ आला आषाढात. पहिल्या दिवशी मी मोरीत कपडे धुवायला बसले. पाणी भोकाकडे जायचं सोडून माझ्या पायांमागून निघालं, उंबरठ्याच्या फटीतून मधल्या खोलीत गेलं आणि तिथे भिंतीशी जाऊन थांबलं. मला वाटलं भोक तुंबलं असेल. काठी घातली. भोक स्वच्छ होतं. पाण्याला तिकडे जायचंच नव्हतं. ढाळ उलटा होता.

आठ दिवसांत मधल्या खोलीची भिंत गुडघ्यापर्यंत ओली झाली. पंधरा दिवसांनी पोपडे धरले. फरशीवर चाललं की काही ठिकाणी डबडब वाजायचं. गोधडी अंथरून झोपलं तर सकाळी गोधडीला कुबट वास.

मला भिंतीचं एवढं काही वाटलं नसतं. पण माझी पोर पहिल्या बाळंतपणाला येणार होती. दसऱ्याच्या आसपासचे दिवस होते. आमच्या दोनच खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत दार रस्त्यावर उघडतं, तिथे बाळंतीण ठेवता येत नाही. राहिली मधली. त्या ओलीत मी बाळंतीण आणि तान्हं मूल कसं ठेवणार? तिच्या सासूने आधीच विचारलं होतं, तुमच्या नव्या घरात जमेल ना, नाहीतर इथेच करू. मी तोऱ्यात म्हणाले होते, जमेल म्हणजे काय.

हे बिल्डरच्या ऑफिसात गेले. तो म्हणाला, "काका, नवं काम आहे, एक पावसाळा जाऊ द्या, बसेल आपोआप." चहा पाजला. दुसऱ्यांदा गेले, पुन्हा चहा. तिसऱ्यांदा गेले ते कॅलेंडर घेऊन आले.

मी म्हटलं, "फरशीचं काय झालं?"

म्हणाले, "चांगलं आहे कॅलेंडर. तिथी मोठ्या अक्षरात आहेत."

मग मी शेजारच्या दोघींना घेऊन स्वतः गेले. बिल्डरने भिंतीकडे बोट दाखवलं. आमचा आखाजीचा फोटो त्याने मोठा करून फ्रेममध्ये लावला होता. "मावशी, हे बघा. तुम्हीच टोपी दिली ना? काम पसंत नव्हतं तर तेव्हाच सांगायचं." आम्ही तिघी फोटोतल्या आमच्या तोंडांकडे बघत राहिलो. तो खोटं थोडंच बोलत होता.

आता बाराव्या घराबद्दल सांगते. आमच्या भिंतीला भिंत लागून होतं ते. तिथली बाई नरडाण्याकडच्या एका खेड्यातली, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. सगळे तिला अक्का म्हणायचे. तिकडे विहिरीवरची शेती, मिरची आणि कापूस. नवरा शेती बघायचा, ही दोन मुलांच्या कॉलेजसाठी धुळ्यात राहायला आली होती. आखाजीला तिच्या लेकी माहेरी आल्या होत्या म्हणून ती गावालाच थांबली आणि आमच्या वास्तुशांतीत नव्हती.

मला ती आवडायची नाही. आवाज असा की मधली भिंत असून नसल्यासारखी. ओट्यावर मिरच्या वाळत घालायची, माझ्या घरात सगळे शिंकायचे. बोलायची अहिराणी. मी असोद्याची, आमची बोली वेगळी, पहिले दोन महिने मला तिचं निम्मं कळायचं नाही. आणि तिला वाटायचं मी शिष्ट आहे. होतेच थोडी.

तिच्या घरात पाणी आलं तेव्हा ती बिल्डरकडे गेली नाही. मी तिच्या दारातून डोकावले तर ही मोरीत उकिडवी बसून तांब्या-तांब्याने पाणी ओतत होती आणि त्यात गवताची काडी सोडत होती. काडी जाईल तशी ती बसल्या बसल्या मागे सरकायची. मी विचारलं, काय करताय? म्हणाली, "देखी राहिनू, पानी कथा जास." पाणी कुठे जातं ते बघत होती.

तिने आयुष्यभर शेतात दारं धरली होती. म्हणजे विहिरीचं पाणी पाटाने आलं की एका वाफ्याचं तोंड बंद करून दुसऱ्याचं उघडायचं. कुठे चढ, कुठे उतार, कुठली जागा दबलेली, हे तिच्या पायांना कळायचं. दोन दिवस तिने घरभर पाणी फिरवलं. मग अनवाणी पायाने फरशी ठोकत हिंडली आणि मला म्हणाली की चूक ढाळाची नाही. मिस्त्रीने ढाळ बरोबरच दिला होता, खालची जमीन बसली.

मी म्हटलं, "मग चला त्याच्या ऑफिसात, सांगा त्याला."

ती म्हणाली, "मी नही जाव. तो मनाकडे येई." तोच म्हणे तिच्याकडे येईल.

श्रावणात तिने वास्तुशांत काढली. गावाकडून दोन ट्रॅक्टर भरून माणसं आली. तिने बिल्डरला स्वतः आमंत्रण दिलं, टोपी द्यायची आहे म्हणून. पलीकडच्या शेतात त्याची दुसरी स्कीम सुरू होणार होती, आणि खेड्यावरचे पैसेवाले शेतकरी आयते जमणार, मग तो कसला सोडतो. फोटोग्राफर घेऊन आला. म्हाताऱ्या मिस्त्रीलाही आणलं. सगळे त्या मिस्त्रीला आबा म्हणायचे.

पूजा झाली. पंगत मधल्या खोलीत आणि अंगणात बसणार होती. वरण-बट्टीचा वास सुटला होता. अक्का ताट घेऊन आली. ताटात दोन टॉवेल, दोन टोप्या, नारळ, कुंकू. बिल्डरने केसांवरून हात फिरवला. फोटोग्राफर तयार.

अक्काने ताट पाटावर ठेवलं आणि थोरल्या पोराला म्हणाली, "घागर आन."

पोराने भरलेली पितळी घागर मोरीत ओतली. अक्काने पूजेतलं झेंडूचं एक फूल उचलून त्या पाण्यात टाकलं. आम्ही सगळे बघत होतो. फूल मोरीत एकदा फिरलं. भोकाकडे पाठ करून उंबरठ्यापाशी आलं. फटीतून काही जाईना, तसं तिने बोटाने त्याला वर उचलून अलीकडे ठेवलं, आणि ते निघालं. मधल्या खोलीतून, पाटाला वळसा घालून, बिल्डर बसला होता तिथे जाऊन त्याच्या पायाच्या अंगठ्याला टेकलं.

त्याने पाय वर घेतले. कोणीतरी हसलं.

"मावशी, आज शुभ दिवस आहे," तो म्हणाला, "हे नंतर बघू ना."

"शुभ शे म्हनीसनच आज देखनं," अक्का म्हणाली. कमरेचं खुरपं काढलं. डबडब वाजणाऱ्या एका फरशीच्या सांध्यात घातलं आणि फरशी उचकटली. खाली वाळूचा पातळ थर, आणि त्याच्याखाली ओली काळी माती. तिने मूठभर घेतली, तळहातावर वळून सुपारीएवढी गोळी केली आणि बिल्डरपुढे धरली.

"हाई मुरूम शे का, भाऊ? मुरूमनी गोळी व्हस का? हाई ते मना वावरनी माटी शे. हाईमां मी कापूस लावस."

जमलेले सगळे शेतकरी. त्यांना समजावून सांगायला लागलं नाही. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडून बसते. त्यावर कोणी घर उभं करत नाही. जोत्यात मुरूम भरायचा असतो. इथे पाया खणताना निघालेलीच माती परत आत ढकलली होती. अक्काच्या गावचा एक म्हातारा मागून म्हणाला, "शेठ, फुडली स्कीममां बी कापूस पेरशात का?" असा हशा पिकला की आचारी बघायला बाहेर आला.

बिल्डर मिस्त्रीकडे बघायला लागला. म्हाताऱ्या आबांनी मान खाली घातली होती. मग हळूच म्हणाले, "मी बोललो होतो शेठला. मुरूम कमी आला होता. आखाजीपर्यंत उरकायचं होतं." त्या माणसाबद्दल मला तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. आपल्याला काम देणाऱ्यासमोर असं बोलणं सोपं नसतं.

अक्का रागावली नाही. मला याचं आजही नवल वाटतं. तिच्या जागी मी असते तर टोप्या चुलीत घातल्या असत्या. ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, आणि तिचा नेहमीचा आवाज शेवटच्या ट्रॅक्टरपर्यंत पोचायचा, "टोपी आठेच शे. ज्या दिन पानी मोरीमां जाई, त्या दिन मी सोता तुना डोकावर ठेवसू. आते बठ, जेवी ले."

आणि त्याला खरंच पंगतीत बसवलं. आग्रहाने तूप वाढलं. तो गरिबासारखा जेवला. हात धुताना म्हणाला, "ठीक आहे मावशी. तुमचं घर उद्यापासून घेतो."

"मनं नही. पह्यले हिनं." तिने माझ्याकडे बोट केलं. "हिनी पोर बायंतपनले येनार शे."

मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं. भिंतीतून तिचा आवाज इकडे येतो तसा माझाही तिकडे जात असणार, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तर आमचं घर पहिलं घेतलं. आबा चार माणसं घेऊन आले. मधल्या खोलीची आणि मोरीची फरशी काढली, काळी माती कमरेइतकी खोल काढली. घर म्हणजे खड्डा झाला. आम्ही दोघं पुढच्या खोलीत, चूल ओट्यावर. मुरमाचे ट्रक आले तेव्हा अक्का ट्रकवर चढून बघायची. एक ट्रक तिने परत पाठवला, त्यात माती मिसळली होती म्हणून. ड्रायव्हर तिला काहीतरी लागेल असं बोलला. ती म्हणाली, "तुनी माय बी असंच परत धाडती." तो ट्रक घेऊन गेला.

मुरूम वीतभर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मसने ठोकायचा, दोन दिवस तसाच ठेवायचा, मग वरचा थर. असं पाचदा. धुम्मस म्हणजे लाकडी दांड्याचं लोखंडी ठोकणं, दोन माणसं उचलतात आणि आपटतात. दिवसभर घर हादरायचं. आणि पोर तर आठवा संपता संपता येऊन उभी राहिली. सामान घेऊन दारात उभी, आत खड्डा.

तिला बघून माझा धीर सुटला. तीन थर झाले होते. मी आबांना म्हटलं, पुरे आता, फरशी टाका. आबा म्हणाले, टाकतो. मालकीण म्हणते म्हटल्यावर मिस्त्री काय करणार? तेवढ्यात अक्का भिंतीपलीकडून आली. "अजून दोन थर बाकी शेतस."

मी म्हटलं, "अक्का, घर माझं आहे."

"हा. आनि बसी गयं ते बी तुनंच व्हई."

मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, तुम्हाला काय, तुमच्या लेकींची बाळंतपणं झालेली आहेत. शेत समजून बसलात माझं घर. पोरीचं पोट दिसतंय का तुम्हाला? कॉलनीतली निम्मी माणसं ओट्यावर येऊन ऐकत होती. हे आत जाऊन कॅलेंडर बघायला लागले.

अक्का आबांना म्हणाली, "आबा, तुले घाई शे का?" आबा म्हणाले, नाही. "मुरूमले बी नही," ती म्हणाली. मग माझ्या पोरीची पिशवी उचलली, तिचा हात धरला आणि तिला आपल्या घरी घेऊन गेली. तिच्या पुढच्या खोलीत तिने दोन खाटा टाकून ठेवल्या होत्या. एक माझ्यासाठी. ती आणि मुलं ओल्या खोलीत फळ्यांवर झोपत होती.

त्या खाटेवर मी बावीस दिवस काढले. तिच्या हातचं खाल्लं, शेवग्याची भाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. तिला माफ करा म्हणाले नाही. मला येत नाही तसं बोलता. ती वाट बघत होती असंही वाटलं नाही. तिला मुरमाची पडली होती. रोज सकाळी जाऊन टाच आपटून यायची आणि आबांना सांगायची, आज कुठे अजून ठोकायचं. आबा चाळीस वर्षं हेच काम करणारे, पण ऐकायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, हिला जमीन कळते. मला फक्त भिंत कळते." असं कबूल करणारा कारागीर मी नंतर पाहिला नाही.

बाकीच्या घरांची कामं त्यानंतर झाली. दिवाळी जवळ आली म्हणून चार जणांनी घाई केली, तीन थरांवर फरश्या बसवून घेतल्या. अक्काने त्यांनाही सांगितलं, पण भांडली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात त्या चारही घरांत पुन्हा डबडब वाजायला लागलं. तिचं स्वतःचं घर सगळ्यांत शेवटी झालं, आणि कबूल केल्याप्रमाणे तिने दोघांना टोप्या दिल्या. बिल्डरबद्दलही खरं ते सांगायला हवं. त्याने एकदा हो म्हटल्यावर काम टाळलं नाही, आणि पुढच्या स्कीमचं जोतं भरताना अक्काला बघायला बोलावलं. स्कूटर पाठवली होती. ती चालत गेली.

पोर नवरात्रात बाळंत झाली. मुलगी झाली. दवाखान्यातून पाचव्या दिवशी सोडलं. आमची फरशी त्याच्या आदल्या आठवड्यात बसली होती आणि आबांनी सिमेंट नीट धरेपर्यंत पाय ठेवू दिला नव्हता. भिंतीचा ओलावा गेला होता, चुन्याचा वास येत होता. मी मधल्या खोलीत खाट टाकली, खाली शेगडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेकायला-न्हाऊ घालायला बाई आली. तिने नातीला पायांवर घेतलं, तेल चोळलं, आणि मोरीत पाटावर बसून ऊन पाण्याचे तांबे ओतायला सुरुवात केली. पोर दाराशी बसून कौतुकाने बघत होती. अक्का माझ्या शेजारी उभी होती.

पहिला तांब्या पडला. पाणी पाटाखालून निघालं, जरा पसरलं, मग सगळं मिळून भोकाकडे वळलं आणि आवाज करत खाली गेलं. दुसरा तांब्या. तेच. उंबरठा कोरडा होता. मी वाकून त्यावर हात फिरवला.

"आई," पोर चिडून म्हणाली, "ती बघ कशी पाय झाडतेय! तुम्ही दोघी काय खाली बघताय?"

अक्का म्हणाली, "झाडू दे तिले. अजून एक तांब्या पडू दे."